चालतांना गुडघा कां दुखतो?

भातें कापणीस आलीं, कीं आमच्या मावळी मुलखांत एक देखावा घरोघर दिसूं लागतो. पहाटेस अंथरुणावरून उठणारा वृद्ध शेतकरी प्रथम दोन्ही हात गुडघ्यांवर टेकतो, भिंतीचा आधार घेतो, चार पावलें लंगडत टाकतो, आणि अंगणांत येईपर्यंत बराचसा नीट चालूं लागतो. दुपारीं खाचराचा बांध उतरतांना तोच गुडघा पुन्हां कुरकुरूं लागतो. सायंकाळीं धार काढावयास उकिडवें बसण्याची वेळ आली म्हणजे मात्र सुनेला हांक मारावी लागते. काय झालें म्हणून विचारावें, तर उत्तर ठरलेलें : "हाडें झिजलीं, आतां व्हायचें काय?"

या उत्तरांत सत्याचा अंश आहे. परंतु तो अर्धाच आहे, आणि अर्ध्या सत्यानें शेतकरी कुटुंबांचें किती नुकसान होतें हें आम्हीं जवळून पाहिलें आहे. पिकांवरील किडी, बैलांचे खांदे, अवजारांचे दांडे यांविषयीं आपण पुष्कळ बोलतों. ज्या गुडघ्यांवर खुरपणी, लावणी, कापणी हीं सर्व कामें उभीं आहेत, त्यांच्याविषयीं मात्र फारसें बोलत नाहीं. म्हणून या वेळीं थोड्या विस्तारानें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

दोन जावांची गोष्ट

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत दोन जावा आहेत. दोघींचेंही वय साठीच्या घरांत. थोरलीचा गुडघा दोन पावसाळे दुखत होता, म्हणून तिला तालुक्याच्या गांवीं नेऊन क्ष-किरण चित्र काढविलें. तेथें तिला सांगण्यांत आलें, कीं गादी पार झिजली आहे, हाडावर हाड घासत आहे, आतां शेतांत पाऊल टाकूं नका. बाईनें तें मनावर घेतलें. ओसरीवरची बाज हेंच तिचें शेत झालें. वर्षभरांत अंगावर वजन चढलें, मांड्या रोडावल्या, आणि पूर्वीं बांधावर दुखणारा गुडघा आतां ओसरीपासून मोरीपर्यंत जातांनाही दुखूं लागला. शेवटीं मुलानें दोन खाचरें वाट्यानें दुसऱ्यास लावून दिलीं.

पुढें धाकटी जाऊ पाय घसरून पडली, आणि हाड मोडलें कीं काय हें पाहण्याकरितां तिचेंही चित्र काढलें. हाड मोडलें नव्हतें. पण झीज थोरलीइतकीच दिसली. ही बाई तर रोज डोकीवर भारा घेऊन दोन बांध चढत-उतरत होती! लोकांनीं आश्चर्य केलें, तेव्हां ती म्हणाली, "मला कुणीं सांगितलंच नव्हतं, कीं माझा गुडघा झिजलाय म्हणून!"

हें वाक्य हंसण्यावारी नेण्यासारखें नाहीं. एकसारखीं दोन चित्रें, आणि दुखण्यांत मात्र जमीनअस्मानाचें अंतर, हें कसें होतें? या प्रश्नाचें उत्तर ज्यास कळलें त्यास आपल्या गुडघ्याशीं कसें वागावें हेंही कळूं लागतें.

गुडघ्याची घडण

गुडघा म्हणजे मांडीचें हाड, नडगीचें हाड आणि पुढची वाटी या तिहींचा सांधा. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. यालाच लोक 'गादी' म्हणतात. मांडीच्या व नडगीच्या हाडांमध्यें चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन चकत्या असतात. भोंवतीं पिशवीसारखें आवरण, त्याला आंतून नाजूक अस्तर, आणि त्या अस्तरांतून पाझरणारें वंगणासारखें पाणी. वाटीच्या खालीं व मागें चरबीची एक लहानशी उशी असते. बाहेरून बंध आणि स्नायु हे सर्व सांवरून धरतात. त्यांत मांडीच्या पुढच्या अंगाचा चार भागांचा स्नायु हा गुडघ्याचा खरा आधारस्तंभ होय.

आतां लक्षांत ठेवण्याची मुख्य गोष्ट ही, कीं कूर्चेंत रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. जेथें मज्जातंतु नाहींत तेथें कळ उठण्यास जागाच नाहीं. नख कापतांना जसें दुखत नाहीं, तशीच कूर्चा झिजतांना ती स्वतः दुखत नाहीं.

याची प्रचीति अमेरिकेंतील स्कॉट डाय या अस्थिशल्यविशारदानें स्वतःच्या देहावर घेतली. त्याचा प्रयोग १९९८ सालीं प्रसिद्ध झाला. सांध्याच्या आंतील भागास बधिर न करितां, पूर्ण जागृतावस्थेंत, त्यानें आपल्या गुडघ्यांत दुर्बीण व सळई घालूं दिली, आणि कोणत्या भागास स्पर्श झाला असतां काय वाटतें हें तो सांगत गेला. वाटीच्या कूर्चेस डिवचलें तर त्यास जवळजवळ कांहींच वाटलें नाहीं. परंतु पुढील अस्तरास व चरबीच्या उशीस स्पर्श होतांच तीव्र कळ उठली, आणि नेमकें कोठें दुखतें तेंही त्यास अचूक दाखवितां आलें.

तात्पर्य, गुडघेदुखींत जें दुखतें तें आजूबाजूचें : सुजलेलें अस्तर, ताणलेलें आवरण, कूर्चेखालचें हाड, बंध आणि थकलेले स्नायु. कूर्चेखालच्या हाडाचें महत्त्व तर अलीकडे फार कळून आलें आहे. बोस्टन येथील संशोधकांनीं २००१ सालीं चुंबकीय चित्रांच्या साहाय्यानें असें दाखविलें, कीं ज्यांचे झिजलेले गुडघे दुखतात, त्यांच्या हाडाच्या मगजांत एक प्रकारचे डाग, न दुखणाऱ्यांच्या मानानें, पुष्कळ अधिक आढळतात. साध्या क्ष-किरण चित्रांत हे डाग दिसत नाहींत, सुजलेलें अस्तरही दिसत नाहीं.

चित्र एक, दुखणें निराळें

क्ष-किरण चित्रावरून झिजेच्या पायऱ्या ठरविण्याची जी पद्धति आज जगभर चालते, ती केलग्रेन व लॉरेन्स या दोघांनीं १९५७ सालीं इंग्लंडांत घालून दिली. पद्धति उपयुक्त आहे. पण तिनें झीज मोजतां येते, दुखणें मोजतां येत नाहीं. २००८ सालीं इंग्लंडांतील दोघां संशोधकांनीं तोंवरच्या अनेक पाहण्या एकत्र करून पाहिल्या. ज्यांचा गुडघा दुखतो अशांपैकीं चित्रांत झीज दिसणाऱ्यांचें प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत शेंकडा १५ पासून ७६ पर्यंत आढळलें. आणि ज्यांच्या चित्रांत झीज आहे अशांपैकीं प्रत्यक्ष दुखणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा १५ पासून ८१ पर्यंत. झीज फार वाढली असतां दुखण्याचा संभव वाढतो, हें खरें. परंतु एका माणसाचें चित्र पाहून "याला इतकें दुखत असेल" असें कोणासही छातीठोक सांगतां येणार नाहीं.

म्हणूनच इंग्लंडांतील राष्ट्रीय आरोग्यसंस्थेनें २०२२ सालीं ठरविलेल्या नियमांत असें म्हटलें आहे, कीं वय ४५ वा अधिक असून हालचालीबरोबर सांधा दुखत असेल, आणि सकाळचा ताठरपणा नसेल किंवा अर्ध्या तासापेक्षां अधिक टिकत नसेल, तर निदानाकरितां चित्र काढण्याची सहसा जरूर नाहीं. या व्याख्येंत 'हालचालीबरोबर' हा शब्द मोलाचा आहे. या रोगाचा स्वभावच असा, कीं तो बसलेल्या माणसापेक्षां चालत्या माणसास अधिक ओळख देतो. दवाखान्यांत बाकावर स्वस्थ बसलेल्या शेतकऱ्यास "आतां दुखतें का?" असें विचारलें तर तो "आतां नाहीं" असेंच सांगणार. खरा प्रश्न आहे तो "काय करितांना दुखतें?" हा.

हालचालींतील दुखण्याचे चार प्रकार

आमच्या वाचकांनीं आपल्या गुडघ्याकडे पिकाकडे पाहतात तशा बारकाईनें पाहिलें, तर त्यांस दुखण्याचे चार प्रकार वेगळे ओळखतां येतील.

पहिला, उठतेवेळचा. बराच वेळ बसून अथवा निजून उठल्यावर गुडघा 'धरतो', आणि थोडें चालल्यावर सुटतो. हा ताठरपणा आहे. हालचाल हेंच त्याचें औषध. या प्रकारास भिऊन जो पुन्हां बसतो तो आपलाच तोटा करून घेतो.

दुसरा, भाराचा. पायरी उतरतांना, बांधावरून खालीं येतांना, उकिडवें बसून उठतांना, डोकीवर भारा असतां जी कळ येते ती या जातीची. ती भाराबरोबर येते आणि भार उतरतांच बहुधा कमी होते.

तिसरा, सांचत जाणारा. पहिली फेरी सुखाची जाते, दुसरींत जाणीव होते, पांचवींत पाऊल उचलवत नाहीं. काम तेंच, वेगही तोच, दुखणें मात्र चढत जातें. सर्वांच्या बाबतींत असें होत नाहीं. कांहींचें दुखणें चालतांना स्थिर राहतें, कांहींचें चालून चालून उतरतेंही. ज्यांचें चढत जातें त्यांच्या मज्जातंतूंची जाणीव अधिक तीव्र झालेली असण्याचा संभव असतो. त्याचा खुलासा पुढें करतों.

चौथा, मागाहूनचा. काम करितांना फारसें कांहीं होत नाहीं. परंतु रात्रीं किंवा दुसऱ्या दिवशीं गुडघा ठणकतो, क्वचित् सुजतो. हा कालच्या कामाचा हिशेब असतो.

हे चार प्रकार वेगळे करण्याचें कारण असें, कीं प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. सर्वांवर 'विश्रांति' हें एकच औषध लावणें म्हणजे पिवळ्या पडलेल्या प्रत्येक रोपास पाणीच देणें होय. एखादें जगेल, पुष्कळ कुजतील.

सुजलेला खांदा आणि भ्यालेला राखणदार

साधें चालणें दुखावें कां? निरोगी गुडघा दिवसांतून हजारों वेळां वांकतो, पण त्याची आपणांस शुद्धही नसते. याचें उत्तर आपल्या गोठ्यांतच आहे. बैलाचा खांदा चांगला असतो तेव्हां भरल्या गाडीचें जूं तो निमूटपणें घेतो. तोच खांदा सुजला, कीं नुसतें रिकामें जूं ठेवलें तरी तो मान काढून घेतो. जूं जड झालें नाहीं. खांदा हळवा झाला.

गुडघ्याचेंही असेंच होतें. शाइबले व श्मिट या जर्मन संशोधकांनीं १९८० नंतरच्या दशकांत मांजराच्या गुडघ्यांतील मज्जातंतूंचे संदेश टिपले. त्यांस असे कित्येक तंतु आढळले, कीं जे नेहमींच्या हालचालीस मुळींच उत्तर देत नसत. परंतु सांध्यांत दाह उत्पन्न होतांच तेच तंतु साध्या वांकण्या-पसरण्यानेंही संदेश धाडूं लागले. झोंपलेले पहारेकरी जागे व्हावे तसा हा प्रकार. झिजलेल्या गुडघ्यांत अस्तराची सूज अधूनमधून वाढते व ओसरते. म्हणूनच तोच बांध एका आठवड्यांत छळतो आणि पुढच्या आठवड्यांत छळत नाहीं. झीज आठ दिवसांत मागें फिरत नाहीं. सूज मात्र फिरते.

दुसरी गोष्ट पृष्ठरज्जु व मेंदु यांची. ज्या मळ्यांत एकदां चोरी झाली, तेथील राखणदार पुढें पान हाललें तरी ओरडतो. वुल्फ या शास्त्रज्ञानें १९८३ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांनीं दाखविलें, कीं कळेचे संदेश तीव्रतेनें येत राहिले म्हणजे पृष्ठरज्जूंतील पेशी स्वतःच हळव्या होतात, आणि मग लहान संदेशही मोठा करून वर धाडतात. दीर्घकाळ गुडघेदुखी असणाऱ्या कित्येकांत हें घडतें. मग दुखणें गुडघ्यापुरतें न राहतां मांडींत, पोटरींत पसरतें. स्पर्शही सोसवत नाहीं. अपुरी झोंप, काळजी, कर्जाचा घोर, आणि "पाऊल टाकलें कीं आणखी झिजेल" ही धास्ती, यांनीं राखणदार अधिकच भितो. थोरल्या जावेच्या बाबतींत गुडघ्याइतकेंच हें भयही दुखत होतें.

याचा अर्थ दुखणें खोटें किंवा मनाचा खेळ आहे, असा कोणीं घेऊं नये. वेदनांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळानें २०२० सालीं आपल्या व्याख्येंत सुधारणा केली. तींत वेदना हा प्रत्येकाचा स्वतःचा अनुभव असून, शरीर, मन व परिस्थिति या तिहींचा त्यावर परिणाम होतो, आणि दुखतें असें माणूस सांगेल तेव्हां त्याचा मान राखावा, असें स्पष्ट केलें आहे. घरांतील तरुण मंडळींनींही हें ध्यानांत धरावें.

तिसरी गोष्ट स्नायूंची. सांध्यांत अवघें २० ते ३० मिलिलिटर जादा पाणी सांठलें, तरी मांडीच्या पुढच्या स्नायूचा आंतला भाग आपोआप ढिला पडतो, असें प्रयोगांत आढळलें आहे. माणूस कितीही नेट लावो, स्नायु पुरता आवळत नाहीं. स्नायु ढिला, म्हणून पाऊल पडतांना हिसका थेट सांध्यास बसतो, हिसक्यानें दुखतें, दुखतें म्हणून माणूस बसून राहतो, बसल्यानें स्नायु आणखी रोडावतो. हें चक्र कोठेंतरी तोडलें पाहिजे. आणि तें स्नायूपाशीं तोडणें हें आपल्या हातचें आहे.

भाराचा हिशेब

बर्लिन येथील संशोधकांनीं पांच रोग्यांच्या कृत्रिम गुडघ्यांतच भार मोजणारें यंत्र बसवून, त्याचे आंकडे बिनतारी संदेशानें टिपून घेतले, आणि २०१० सालीं ते प्रसिद्ध केले. सपाटीवर चालतांना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारें २.६ पट भार येतो. पायऱ्या चढतांना सुमारें ३.२ पट, आणि उतरतांना सुमारें ३.५ पट. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाच्या गुडघ्यावर चालतांना सुमारें १५६ किलो, तर उतरतांना सुमारें २१० किलो भार पडतो. चढणीपेक्षां उतरण अधिक कां छळते, या जुन्या प्रश्नाचें हें उत्तर. डोकीवर २० किलोंचा भारा असला, तर तोही याच पटीनें वाढून गुडघ्यावर येतो असें ढोबळ मानानें समजावें.

हाच हिशेब उलटही चालतो. अमेरिकेंतील लठ्ठ वृद्धांच्या एका पाहणींत, २००५ सालीं, असें निघालें, कीं अंगावरील एक किलो वजन उतरलें म्हणजे दर पावलास गुडघ्यावरील भार सुमारें चार किलोंनीं हलका होतो. पांच किलो उतरले तर दर पावलास वीस किलो! दिवसाचीं हजारों पावलें धरलीं, तर हा लाभ केवढा होतो हें वाचकांनींच पाहावें.

उकिडवें बसण्याविषयीं मात्र जपून बोललें पाहिजे. गुडघा जसजसा अधिक वांकतो तसतसा वाटीचा दाब वाढत जातो. बीजिंग शहरांतील वृद्धांची जी पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली, तींत तरुणपणीं रोज दीर्घकाळ उकिडवें बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली. म्हणून उकिडवें बसणें हें पाप आहे असें नव्हे. बसून-उठून राहणें निराळें, आणि खुरपणीच्या पाळीस चार चार तास तसेंच सरकत राहणें निराळें. आपल्याकडे हा भार बहुतांशीं स्त्रियांवर पडतो, आणि त्यांची तक्रारही त्या मानानें कमीच ऐकूं येते. पुणें जिल्ह्यांतील भिगवण येथें १९९६ सालीं सुरू झालेल्या पाहणींत घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्यांची विचारपूस करण्यांत आली. तेव्हां गुडघेदुखी ही खेड्यांतील प्रमुख तक्रारींपैकीं एक आहे हें उघड झालें.

मग करावें काय?

पहिली गोष्ट, बसून राहूं नये आणि अंगावरही काढूं नये. मध्यम मार्ग धरावा. त्याकरितां एक साधें माप आहे. दुखणें शून्यापासून दहापर्यंत मनाशीं मोजावें. शून्य म्हणजे कांहींच नाहीं, दहा म्हणजे असह्य. काम अथवा व्यायाम करितांना दोनपर्यंत दुखलें तर निर्धास्त असावें; पांचपर्यंत चालण्यासारखें आहे; पांचाच्या वर गेलें तर काम थांबवावें वा हलकें करावें. आणि दुसरी कसोटी ही, कीं वाढलेलें दुखणें चोवीस तासांच्या आंत पूर्वपदावर यावें. न आलें, तर काल माप जास्त झालें. उद्यां कमी करावें, पण सोडूं नये. डेन्मार्कमध्यें २०१३ सालीं सुरू झालेल्या गुडघेदुखीच्या शिक्षण-व्यायामवर्गांत हीच रीत शिकवितात. आठवड्यास दोन याप्रमाणें सहा आठवड्यांत बारा वेळां व्यायाम, आणि त्याबरोबर रोगाची नीट समजूत, असा तो क्रम आहे. प्रारंभींच्या दिवसांत व्यायामानंतर दुखणें थोडें वाढतें. पुढें पुढें ही वाढ कमी होत जाते. गोऱ्हा जुंपावयास शिकविणाऱ्यास हें निराळें सांगावयास नको. पहिल्या दिवशीं कोणी त्यास नांगरास जुंपीत नाहीं, आणि बुजला म्हणून कायमचा दावणीसही बांधून ठेवीत नाहीं.

दुसरी गोष्ट, मांडीचा स्नायु कमवावा. यास खर्च नाहीं. बाजेवर किंवा ओट्यावर बसून, शक्य तर हात न टेकतां, दहा वेळां उठावें व सावकाश बसावें. बसल्या जागीं एक पाय सरळ करून मनांत पांच मोजेपर्यंत धरावा व खालीं ठेवावा. उताणें निजून सरळ पाय वीतभर उचलावा. आधारास हात धरून एका बुटक्या पायरीवर चढावें व उतरावें. दिवसाआड, दोन-तीन वेळां हा क्रम करावा, आणि रोज सपाटीवर जमेल तितकें चालावें. गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. पेरल्या दिवशीं कोणी कणीस शोधीत नाहीं. व्यायामानें सर्व दुखणें जाईल असें वचन आम्ही देत नाहीं. अनेक चांचण्यांवरून दिसणारा लाभ मध्यम आहे, आणि तो व्यायाम चालू ठेवल्यासच टिकतो. पण योग्य मापाच्या व्यायामानें कूर्चा अधिक झिजते ही भीति मात्र निराधार आहे.

तिसरी गोष्ट, कामाची मांडणी बदलावी. ओळींत पेरलेल्या पिकांत उभ्यानें चालविण्याचें सायकल कोळपें, भातांत ढकलावयाचें कोनोवीडर यांनीं खुरपणीचे पुष्कळ तास वांचतात. रोपांच्या मुठी बांधतांना व धार काढतांना बुटक्या चौरंगावर बसावें. चूल व विळी ओट्यावर घ्यावी. भारे लहान बांधून फेऱ्या वाढवाव्या. बांध उतरतांना दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातांत काठी धरावी, आणि दुखरा पाय आधीं खालीं टाकावा. चढतांना चांगला पाय आधीं वर घ्यावा. अर्ध्या तासानें काम बदलावें, म्हणजे सांचत जाणारें दुखणें सांचूं पावत नाहीं. काठी धरण्यांत कमीपणा वाटण्याचें कारण नाहीं. आंब्याच्या लदलेल्या फांदीसही आपण टेकू देतों.

चौथी गोष्ट औषधांची. दाह कमी करणारें मलम गुडघ्यावर चोळणें हा पुष्कळांस उपयोगी पडणारा व मानानें निर्धोक उपाय आहे. त्याच जातीच्या गोळ्या मात्र जठर, मूत्रपिंड व रक्तदाब यांस बाधतात. त्या वैद्याच्या सल्ल्यानें, थोड्या दिवसांकरितांच घ्याव्या. बाजारांत विना-नांवाच्या पुड्या मिळतात. एका दिवसांत उड्या मारावयास लावणाऱ्या अशा पुड्यांत कित्येकदां स्टिरॉइड मिसळलेलें असतें. त्यांनीं हाडें ठिसूळ होतात, साखर वाढते. त्यांपासून दूर राहावें. दुर्बिणीनें सांधा धुऊन काढण्याच्या शस्त्रक्रियेचा एकेकाळीं फार बोलबाला होता. परंतु अमेरिकेंतील १८० रोग्यांवर झालेल्या व २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत, नुसतें कातडें छेदून शिवलेल्या रोग्यांपेक्षां या रोग्यांस अधिक गुण आला नाहीं. सर्व उपाय थकले, रात्रीची झोंपही गेली, चार पावलेंही चालवेनात, तर कृत्रिम सांधा बसविण्याचा मार्ग आहे, आणि तो योग्य माणसास पुष्कळ सुख देतो. तो चित्र पाहून नव्हे, माणसाची अडचण पाहून ठरवावा.

वैद्याकडे त्वरित केव्हां जावें?

गुडघा एकाएकीं लाल, गरम व सुजलेला झाला, ताप आला, पडल्यावर पाय टेकवेना, गुडघा मध्येंच अडकून बसला, पोटरी एकाएकीं सुजली, अथवा सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून अधिक टिकून हाताचेही सांधे धरूं लागले, तर वरील कोणताही घरगुती उपाय करीत न बसतां वैद्य गांठावा. हीं लक्षणें साध्या झिजेचीं नव्हत. सुश्रुतसंहितेंत गुडघ्याच्या भयंकर सुजेस 'क्रोष्टुकशीर्ष', म्हणजे कोल्ह्याच्या डोक्यासारखा गुडघा, असें वेगळें नांव दिलें आहे. साधें दुखणें आणि सुजलेलें दुखणें यांतील भेद आपल्या पूर्वजांनींही ओळखला होता. खुब्याचा रोग कधीं कधीं गुडघ्यांतच दुखतो, हेंही ध्यानांत असावें.

आतां थोरल्या जावेचें काय झालें, तें सांगून लेख पुरा करतों. धाकटीचें चित्र पाहिल्यावर ती विचारांत पडली. पुढें तिला एका व्यायामोपचारतज्ज्ञानें वर सांगितलेल्या गोष्टी समजावून दिल्या, आणि तिनें बाजेवरून दहा वेळां उठण्यापासून प्रारंभ केला. पहिल्या पंधरवड्यांत ती दोनदां रडली. तिसऱ्या महिन्यांत ती मोरीपर्यंत बिनआधारानें जाऊं लागली. गेल्या आषाढांत ती काठी टेकीत खाचरांपर्यंत गेली, चौरंगावर बसून रोपांच्या मुठी बांधूं लागली, आणि वाट्यानें दिलेल्या दोन खाचरांपैकीं एक तिनें मुलाकडून परत घेवविलें. गुडघा अजून दुखतो. विचारलें तर ती म्हणते, "दुखतो, पण आतां तो काय म्हणतोय तें मला कळतंय."

आमच्या प्रत्येक वाचकास आपल्या गुडघ्याची भाषा अशीच कळो. दुसरें खाचर पुढल्या पावसाळ्यांत परत यावें, अशी त्या घरची आशा आहे, आणि आमचीही.